ओळख देणारा कोण?

भंडारा शहराकडून वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडच्या तीरावर कारधा लागते. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. त्याचा क्रमांक बदलून बरीच वर्षे झाली, पण आमची पिढी अजूनही त्याला ‘सहा नंबर’च म्हणते. पहेला, अड्याळ, पवनीकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. असा फाटा असला की चहाच्या टपऱ्या आल्या, आणि टपऱ्या आल्या की बातम्या आल्या. कुणाच्या ट्रकला क्लीनर हवा आहे, कोणत्या धान गिरणीत नवे यंत्र बसते आहे, कुणाचा मुलगा पुण्याहून परत आला आहे, हे इथे वर्तमानपत्राच्या आधी कळते.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका टपरीवर माझा पुतण्या भेटला. वय त्रेचाळीस. नागपूरजवळच्या एका कारखान्यात अठरा वर्षे सुट्या भागांची तपासणी करत होता. कारखान्याने तो विभागच बंद केला आणि हिशेबाचा धनादेश हातात ठेवला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने मान खाली घालून विचारले, “काकाजी, तुम्ही येवढी वर्षं बँकेत साहेब होते. तुमच्या ओळखी असतील. कोनाले तरी सांगून पाहा ना जी.”

मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. एक म्हणजे असहायता. माझ्या ओळखीचे जे साहेब होते ते आता माझ्यासारखेच दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणारे पेन्शनर आहेत. दुसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण ती होती नाराजी. मी १९८२ साली बँकेत लागलो तो बँकिंग सेवा भरती मंडळाची परीक्षा देऊन. कुणाच्या दारात उभा राहिलो नाही, कुणाची चिठ्ठी आणली नाही. आमच्यासारख्या खेड्यातल्या मुलांना त्या परीक्षेने जे दिले ते पगारापेक्षा मोठे होते. ताठ मान दिली. अशा माणसाला ‘कोणाला तरी सांगून पाहा’ हे शब्द टोचतात.

पण रात्री विचार करताना जाणवले की माझी नाराजी अन्यायाची होती. बाविसाव्या वर्षी मला परीक्षा होती. त्रेचाळीस वर्षांच्या माणसासाठी कोणती परीक्षा आहे? सरकारी भरतीची वयोमर्यादा त्याने केव्हाच ओलांडली. महाविद्यालयात येऊन मुले निवडणाऱ्या कंपन्या त्याच्यासाठी येत नाहीत. जाहिरातीत ‘संबंधित क्षेत्रातील अनुभव’ हवा असतो, आणि क्षेत्र बदलणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. पहिल्या नोकरीचा दरवाजा आपण निदान कागदोपत्री सर्वांना उघडा ठेवला आहे. दुसऱ्या धंद्याला मात्र दरवाजाच नाही. आहेत त्या फटी, आणि त्या माणसांच्या मधून जातात.

एका नोकरीत लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ घेऊन घरी यायचे, हे आयुष्य आता थोड्यांच्याच वाट्याला येते. उरलेल्यांना मध्यावर एकदा-दोनदा काम बदलावेच लागणार. म्हणून पुतण्याचा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही. माणूस धंदा बदलतो तेव्हा त्याला कोण उपयोगी पडते? आणि ज्याच्याकडे तसे कोणीच नाही, त्याने काय करायचे?

परिचय, जामीन आणि वशिला

या प्रश्नाचा विचार करताना मला बँकेतला एक जुना कागद आठवतो. खाते उघडण्याच्या अर्जावर पूर्वी एक रकाना असे: ओळख देणाऱ्याची सही. ज्याचे खाते त्या शाखेत काही महिने तरी जुने आहे, अशा माणसाने अर्जदाराला आपण ओळखतो असे लिहून द्यायचे. ही सही नसेल तर पैसे हातात असूनही खाते उघडत नसे. धान विकून आलेली रक्कम धोतराच्या सोग्यात बांधून दिवसभर शाखेच्या पायरीवर बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कर्ज नको होते, अनुदान नको होते. स्वतःचेच पैसे ठेवायचे होते. फक्त शाखेत त्यांना ओळखणारा कोणी नव्हता.

तालुक्याच्या गावी मी नवा अधिकारी असताना शाखेसमोरच्या चहावाल्याने अशा कित्येक अर्जांवर सह्या केल्या होत्या. मी त्याला बोलावून दम दिला, “उद्या यातला एखादा लबाड निघाला तर?” तो शांतपणे म्हणाला, “साहेब, हा मानूस मले मालूम आहे, येवढंच मी लिहितो. तो बरा का वाईट, हे कुठी लिहिलं?”

त्या चहावाल्याने मला जो फरक शिकवला तो बँकेच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवला नव्हता. आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. पहिला परिचय. परिचय देणारा फक्त एवढेच सांगतो की हा माणूस आहे, मला माहीत आहे, पुढचे तुम्ही पाहा. दुसरा जामीन. जामीनदार स्वतःचे काही पणाला लावतो. समोरचा बुडाला तर त्याच्यावर बोजा येतो. तिसरा वशिला. वशिलेदार निर्णयच फिरवतो. पात्र माणसाला बाजूला सारून आपला माणूस बसवतो. वशिला हे पाप आहे, जामीन हे ऋण आहे आणि परिचय हा साधा माणुसकीचा व्यवहार आहे. आमच्या पिढीने वशिल्याच्या रास्त तिटकाऱ्यापोटी परिचयही टाकून दिला, आणि वशिला मात्र जागच्या जागी राहिला.

गंमत अशी की बँकांनी पुढे तो रकाना सोडून दिला. ओळख पटवायला कागदपत्रे पुरेशी मानली जाऊ लागली आणि २०१२ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने स्पष्टच सांगितले की खाते उघडताना ओळख देणाऱ्याचा आग्रह धरू नका. २०१४ नंतर जनधन योजनेत कोट्यवधी खाती उघडली ती कुणाच्याही शिफारशीवाचून. बँकेच्या पायरीवरचा तो माणूस अखेर आत गेला. कामाच्या बाजारात मात्र तो अजून पायरीवरच बसला आहे.

गिरणीचे दार

महाराष्ट्राला या विषयाचा अनुभव नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत माणूस लागे तो जॉबरच्या हातून. जॉबर म्हणजे मुकादमच. तो आपल्या गावची, आपल्या जातीची, आपल्या नात्यातली माणसे आणी, त्यांना आधी बदलीवर लावी आणि पुढे कायम करवी. त्यासाठी तो दस्तुरीही घेई. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एका गावाची माणसे एकाच गिरणीत, एकाच खात्यात, एकाच चाळीच्या गाळ्यात आणि एकाच खानावळीत. नव्या पोराला मुंबईत उतरल्या दिवशी जेवण, झोपायला जागा आणि काम, तिन्ही गोष्टी मिळत. आमच्या विदर्भातही जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात चालू होती आणि गावोगावची माणसे तिथे गेली ती अशीच, एकामागे एक.

ही व्यवस्था आत नेण्यात पटाईत होती. बाहेर काढण्यात मात्र ती कुचकामी ठरली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले असंख्य पुन्हा कधीच आत गेले नाहीत. माणसांचा तुटवडा त्यांना नव्हता. भाऊ, मेव्हणे, गाववाले, चाळकरी अशा शेकडो ओळखी होत्या. पण त्या सगळ्या त्याच गिरणीच्या आतल्या. एकाची चूल विझली त्याच दिवशी सगळ्यांची विझली. ज्याला हाक मारायची तोच रस्त्यावर उभा. माणसाभोवती गर्दी असूनही तो एकटा पडू शकतो, तो असा.

आमच्या जिल्ह्यातही वेगळे घडले नाही. भंडाऱ्याची पितळेची भांडी एके काळी नावाजलेली. स्टीलने आणि मग प्लॅस्टिकने तो व्यवसाय खाल्ला तेव्हा ठोकणाऱ्या कारागिराच्या ओळखीत दुसरे ठोकणारेच होते. वैनगंगेच्या काठचे ढीवर बांधव नदीत मासेमारी करत आणि पाणी ओसरले की वाळूत डांगरवाड्या लावत. लहानपणी या वाळूतली डांगरे आम्ही खाल्ली आहेत. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, पुढे पाणी साठू लागले आणि ज्या वाळूवर त्यांचे चार महिने निघत त्या वाळूवर पाणी उभे राहिले. प्रकल्पग्रस्ताचा दाखला ज्यांची जमीन गेली त्यांना मिळतो. नदीच्या वाळूचा सातबारा कुणाच्या नावावर असणार? पण दाखल्याइतकीच दुसरीही अडचण होती. नदीबाहेरच्या धंद्यातला एकही माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता.

लांबची माणसे

अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, की ही जागा तुम्हाला कळली कशी? निम्म्याहून अधिक जणांना ती कुणा ओळखीच्या माणसाकडून कळली होती. त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्याच्याकडून कळले त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता, असे विचारल्यावर वारंवार भेटणारे निघाले शंभरात सतरा. अधूनमधून भेटणारे छप्पन्न, आणि क्वचितच भेटणारे अठ्ठावीस. म्हणजे उपयोगी पडले ते जिवलग नव्हेत, तर लांबचे. जुना सहकारी, एखाद्या लग्नात भेटलेला, पूर्वीचा शेजारी. १९७३ मध्ये त्याने यावर लिहिलेला निबंध जगभर गाजला.

कारण साधे आहे. जिवलग माणसांना आपल्यासाठी जीव तोडून काही करायचे असते, पण त्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. लांबचा माणूस वेगळ्या पाण्यात पोहत असतो. त्याच्याकडे बातमी असते.

याची मोठी तपासणी २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. लिंक्डइन या नोकरी-ओळखीच्या संकेतस्थळावरच्या जगभरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षे प्रयोग करून अभ्यासकांनी पाहिले, की मध्यम लांबच्या ओळखी नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरतात. अगदीच अनोळखी उपयोगी नाहीत, अगदी जवळचेही नाहीत. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे सांगितली जात नाही. संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या धंद्यांत जवळच्या ओळखीच अधिक कामी येतात. हे पटण्यासारखे आहे. वेल्डिंग करणारा हात किंवा गिरणीच्या पट्ट्यावरचा माणूस कसा आहे, हे त्याच्या शेजारी उभे राहून काम केलेलाच सांगू शकतो. शहरी पुस्तकांतली सूत्रे जशीच्या तशी कारध्याला आणून भागत नाही, ते यामुळे.

मुलींनी काढलेली वाट

मला सर्वांत अंतर्मुख केले ते दादरच्या एका अभ्यासाने. अर्थशास्त्रज्ञ कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग यांनी दादर भागातल्या मराठी कुटुंबांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष मांडला. कामगार वर्गातल्या जातींमध्ये मुलग्यांना पिढीजात कामांत आत घेणारे जातभाईंचे जाळे होते. नवी अर्थव्यवस्था आली, इंग्रजीला भाव आला, तरी हे जाळे मुलग्यांना त्याच जुन्या कामांकडे आणि त्यासाठी पुरेशा असणाऱ्या मराठी शाळांकडे ओढत राहिले. त्याच घरातल्या मुलींसाठी मात्र असे जाळे कधी नव्हतेच. त्यांना ओढणारे कोणी नव्हते, म्हणून त्या झपाट्याने इंग्रजी शाळांकडे वळल्या.

शाळेचे माध्यम कोणते असावे हा वाद येथे बाजूला ठेवू. मी मराठीतच लिहितो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. मुद्दा हा की जे जाळे पडणाऱ्याला झेलते तेच उडू पाहणाऱ्याला अडकवतेही. ज्या मुलग्याला काका-मामा कामाला लावतात त्याला दुसरीकडे पाहण्याची गरज भासत नाही. ती भासते तोवर वय चाळिशीला आलेले असते. आमच्या पुतण्याला कारखान्यात लावणारा त्याचा मामाच होता, हेही येथे सांगून टाकतो.

ज्यांना ओळख देणारा नाही

आता या प्रकरणाची काळी बाजू. ओळखीपाळखीने काम मिळते हे मान्य केले की लगेच प्रश्न येतो, ओळखी कुणाकडे असतात? आपल्या समाजात त्या जातीच्या आणि पैशाच्या पाटातून वाहतात.

भंडाऱ्याच्या मातीला एक नाव जोडलेले आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांच्या आयुष्यात ओळखीची दोन्ही रूपे दिसतात. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे, तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर गेली. पुढे याच केळुसकरांनी त्यांची शिफारस सयाजीराव महाराजांपर्यंत पोहोचवली, आणि १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकर ना नात्यातले, ना जातीतले. बागेत भेटलेले लांबचे गृहस्थ. त्यांनी जे केले तो वशिला नव्हता. एका योग्य माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन त्यांनी फक्त सांगितले, हा असा आहे, तुम्ही पाहा.

आणि तेच आंबेडकर परदेशी विद्या घेऊन परत आल्यावर मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू करतात तेव्हा काय होते? सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे होते आणि व्यवसाय बंद पडतो. नंतर १९१८ साली सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळते, त्यातही मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनेहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेली ओळख कामी येते. कोलंबियाची पदवी आणि असामान्य बुद्धी असलेल्या माणसालाही ओळख देणारा लागला. मग सामान्य बुद्धीच्या, सामान्य पदवीच्या मुलाचे काय?

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. हे झाले जाहिरात दिलेल्या जागांचे. ज्या जागांची जाहिरातच येत नाही, ज्या आतल्या माणसाने आपला माणूस सुचवून भरायच्या असतात, त्यांचे काय? मोठ्या शहरांतल्या अनेक कंपन्या आज माणूस सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षिसीही देतात. कंपनीचा खर्च वाचतो, हे खरे. पण ज्याच्या सात पिढ्यांत कोणी त्या काचेच्या इमारतीत गेले नाही, त्याचे नाव सुचवणार कोण?

म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. परिचयाचा पुरस्कार हा खुल्या भरतीला पर्याय होऊ शकत नाही. सेवायोजन कार्यालये काढून आणि १९५९ साली रिक्त जागा कळवण्याचा कायदा करून आपण खुलेपणाचा एक प्रयत्न केला होता. त्यात जागा कळवण्याची सक्ती होती, माणूस तिथूनच घेण्याची नव्हती. आमच्या पिढीला त्या कार्यालयाचे कार्ड आणि त्याच्या नूतनीकरणाची रांग आठवते. २०१५ पासून केंद्र सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळही आहे. या व्यवस्था अपुऱ्या असतील, पण ज्याला कोणी नाही त्याला त्याच आहेत. त्या सुधारायच्या, बंद पडू द्यायच्या नाहीत.

मला काय उमगले

हे सारे मी पुस्तके वाचूनच शिकलो असे नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षे नोकरी किंवा चाळीस वर्षे वय झालेल्यांना ती खुली होती. झालेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांत जे कमी असेल ते मिळायचे. देशभरातून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. त्यांत मी होतो. कादंबरी लिहायची होती आणि हिशेब करणाऱ्याचाच हिशेब चुकला. दोन वर्षांत रक्कम आटू लागली.

तेव्हा मी बँकेतल्या चाळीसएक मित्रांना पत्रे लिहिली. सगळ्यांची उत्तरे आली, सगळी प्रेमाची. काम एकाकडेही नव्हते. असणार कसे? निम्मे माझ्याबरोबरच बाहेर पडलेले आणि उरलेले आपापल्या खुर्चीला धरून बसलेले. गिरणी कामगाराची जी गत तीच माझी, फक्त माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता.

मग एके दिवशी भंडाऱ्याच्या बस स्थानकावर एका धान गिरणीचे मुनीमजी भेटले. कधी काळी त्यांच्या मालकाच्या कर्जाचा अर्ज मी तीन वेळा परत पाठवला होता आणि चौथ्या वेळी शेजारी बसवून नीट भरून घेतला होता. ते म्हणाले, “साहेब, आता तुम्ही टेबलाच्या या बाजूले या. आमच्यासारख्या दहा गिरण्या आहेत, बँकेले काय पाहिजे तेच आम्हाले कळत नाही.” पुढची पंधरा वर्षे मी गिरणीवाल्यांचे प्रकल्प अहवाल आणि हिशेब तयार करून चरितार्थ चालवला आणि कादंबऱ्या रात्री लिहिल्या. मुनीमजींनी मला नोकरी दिली नाही, कुणाला गळ घातली नाही. माझ्या अंगात असलेली पण मला न दिसणारी एक गोष्ट त्यांनी दाखवली. टेबलाच्या त्या बाजूने ती दिसत होती.

काय करता येईल

यावरून पुतण्याला मी चार गोष्टी सांगितल्या. पहिली, काम मागू नकोस, माहिती माग. ‘मला कुठे लावा’ म्हटले की समोरचा माणूस अवघडतो, कारण त्याच्या हातात जागा नसते. ‘तुमच्या धंद्यात तपासणीचे काम कोण करतो, त्याला काय यावे लागते’ असे विचारले की तोच माणूस अर्धा तास बोलतो. दुसरी, जवळच्यांची नव्हे तर लांबच्यांची यादी कर. कारखान्यात माल आणणारे, नेणारे, यंत्र दुरुस्तीला येणारे, आयटीआयमधले वर्गबंधू. तिसरी, जमेल तिथे जुन्या साहेबाकडून तुझ्या कामाविषयी दोन खऱ्या ओळी लिहून घे. खोटी स्तुती नको. चौथी, ज्याने मदत केली त्याला पुढे काय झाले ते जाऊन सांग. आपण मदत घेतो आणि काम झाले की फिरकत नाही. मग पुढच्या माणसासाठी ते दार बंद होते.

पण सगळा भार काम शोधणाऱ्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आमच्यासारख्या स्थिरावलेल्यांचे काय? गावातून बाहेर पडलेले शिक्षक, अधिकारी, अभियंते पोळ्याला आणि दिवाळीला गावी येतात, देवळाला वर्गणी देतात. त्यांतल्या किती जणांनी गावातल्या एखाद्या मुलीची, नात्यातल्या नव्हे, जातीतल्या नव्हे, कुठे ओळख करून दिली? गावच्या वाचनालयात एक वही ठेवली आणि कोण कुठे, कोणत्या धंद्यात आहे आणि कोणाला फोन केलेला चालेल हे तिच्यात लिहिले, तर त्याला कोणते अनुदान लागते? बचत गटांच्या बायकांनी हे आपल्या परीने करून दाखवले आहे. आजवर ज्या बायकांची ओळख फक्त अमक्याची सून एवढी होती, त्या आता बँकेत, पंचायत समितीत आणि बाजारात स्वतःच्या नावाने ओळखल्या जातात. पुरुषांना त्यांच्याकडून शिकायला कमीपणा वाटू नये.

पुतण्याची गोष्ट अर्धवट सोडत नाही. त्याने यादी केली. चाळीस नावांत सहा जण बोलले, दोघांनी बोलावले. अखेर पूर्वी कारखान्यात वजनकाटे तपासायला येणाऱ्या एका माणसाने त्याला आपल्याबरोबर घेतले. आता तो धान खरेदी केंद्रांचे आणि गिरण्यांचे काटे दुरुस्त करत जिल्हाभर फिरतो. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, भविष्य निर्वाह निधी नाही, आणि हे सारे छान झाले असे मी म्हणणार नाही. अठरा वर्षांच्या कौशल्याची ही किंमत नव्हे. पण घर चालते आहे.

परवा तो पुन्हा त्याच टपरीवर भेटला. बरोबर एक तरुण होता, ढिवरांच्या मोहल्ल्यातला, मोटारपंपाचे काम शिकलेला. पुतण्या म्हणाला, “काकाजी, तुमच्या गिरणीवाल्याईकडे याले नेऊन पाहू का? माह्या नात्यातला नाही. पन पोराचं काम मी डोळ्यानं पाहिलं आहे.”

मी दोन पत्ते लिहून दिले, आणि खाली सही केली.